वज्राची दाढ

रविवारी दुपारी वज्रसर जेवायला येणार म्हणून घरात सकाळपासून युद्धाची तयारी चालली होती. युद्ध हा दादाचा शब्द. ताईच्या मते ते साधं जेवण होतं, आणि त्यातली सगळी कापाकापी भाऊची बायको स्वयंपाकघरात एकटीच करत होती.

ताई दातांची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना, वर भाऊचं बिऱ्हाड, त्याच्यावर दादाचं. घरात थोरल्या दादासकट सगळे तिला ताईच म्हणत, फक्त भाऊचा मुलगा चिमण आत्या म्हणे. लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि आपलं काम झालं की बंद करायला सांगायचं, यात तिची हयात गेली होती. म्हणून घरातल्या बैठकांत तिला चुकल्याचुकल्यासारखं होई. इथे तोंडं आपोआप उघडत, पण बंद करणं तिच्या हातात नसे.

आजच्या बैठकीचा सेनापती अर्थातच दादा. दादाने जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबायची त्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, आता गाड्यांऐवजी माणसं होती एवढंच. त्याने सगळ्यांना बेत समजावून दिला होता. आधी पाहुण्याला पोटभर बोलू द्यायचं. मग दादा प्रश्न विचारणार. मग पाहुणा उघडा पडणार. जावयाने, म्हणजे दादाच्या मुलीच्या नवऱ्याने, मान डोलवायची. ताईने मधे बोलायचं नाही. आणि भाऊने, दादाने जरा थांबून सांगितलं होतं, भाऊने शक्यतो रडायचं नाही.

तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो चिमण दाराशी बॅग भरून बसला होता. वय तेवीस, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, आणि घरातलं नाव चिमण. गेल्या चार-सहा महिन्यांपासून या नावाला तो ओ देत नव्हता. नावच नाही, तो बऱ्याच गोष्टी देत-घेत नव्हता. गरम पाणी घेत नव्हता. आईला उत्तर देत नव्हता. फोटोत हसत नव्हता. पुरुषाने दिवसाला मोजके शब्द बोलावेत असं वज्रसरांनी सांगितलं होतं, आणि ते सांगायला स्वतः रोज तासभर मोबाइलवरच्या व्हिडिओत बोलत होते. कुरियरच्या गोदामातली बरी नोकरी चिमणने सोडली होती. आज संध्याकाळी तो सरांबरोबर त्यांच्या डोंगरावरच्या छावणीत वर्षभरासाठी जाणार होता. तिथे पुरुष घडवत म्हणे. जाण्याआधी आईच्या हट्टापायी त्याने एवढंच मान्य केलं होतं, की सर एकदा घरी येतील, आणि घरच्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहावं.

चिमण असा का झाला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. भाऊ बसस्थानकावर उद्घोषक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय ते माइकवरून सांगायचं, हेच त्याचं काम. गावात त्याचा चेहरा कोणी ओळखत नसे, पण दुकानात 'अर्धा किलो साखर' म्हणाला की लोक वळून बघत. गेल्या वर्षी स्थानकावर यंत्र आलं. शेवटच्या दिवशी शेवटची घोषणा करताना भाऊला रडू फुटलं, आणि ते कर्ण्यांतून सगळ्या स्थानकाने ऐकलं. कोणा रिकामटेकड्याने ते टिपलं, नेमके हुंदके तेवढे कापून ठेवले, मागे वाजंत्री लावली आणि सोडून दिलं. गोदामात चिमण आत शिरला की पोरं ती क्लिप लावत. महिनाभर लावली. मग चिमणला वज्रसर सापडले.

घरात त्या क्लिपबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कोणालाच सांगता आलं नसतं. या घरातले सगळे महत्त्वाचे ठराव असेच पास होत.

वज्रसर आले. मोबाइलमध्ये ते फार मोठे दिसत. प्रत्यक्षात चिमणच्या खांद्याला लागत होते. वय तिशीच्या आतबाहेर, दाढी कोरलेली, शर्ट एक माप लहान. चालताना दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले, जणू काखेत अदृश्य टरबुजं होती. त्यांनी सगळ्यांचे हात असे दाबले की जावयाने नंतर बोटं मोजून घेतली.

पहिला बुरूज पाच मिनिटांत पडला. तो जावयाचा. जावई बाथरूमच्या फरश्या विकायचा, आणि बायकोपुढे सहसा मान वर करत नसे. वज्रसरांनी सोफ्यावर बसता बसता म्हटलं, "कळप मागे बघतो," आणि जावई ताबडतोब म्हणाला, "सिंह पुढे बघतो." म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघतायत. पण आता कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. शोरूममध्ये गिऱ्हाईक नसताना तो सरांचे सगळे व्हिडिओ बघायचा. पहाटेचा गार शॉवरही करून पाहिला होता. बायकोला गीझर बिघडलाय म्हणून सांगितलं होतं, आणि ती आता शेजारीच बसली होती.

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेच्या दिवशी गाडी फुटपाथवर चढवणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावं. मग घसा खाकरून त्याने आपला पहिला प्रश्न बाहेर काढला. पुरुष पुरुष म्हणता, तर तुमच्या मते खरा पुरुष कोण, असा तो प्रश्न होता. आठवडाभर घोटून ठेवलेला.

वज्रसरांनी शांतपणे खोलीभर नजर फिरवली आणि दादावर आणून थांबवली. म्हणाले, खोलीत शिरल्याबरोबर कळतं. प्रत्येक कळपात एकच असतो. बाकीच्यांच्या माना त्याच्याकडे वळलेल्या असतात. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतःच जाणता.

ताईने दादाचं छातीचं माप डोळ्यांदेखत वाढताना पाहिलं. दुसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्याऐवजी हल्लीच्या पोरांना शिस्त नाही, हे आपण कधीपासून सांगतोय, असं तो सांगू लागला. जावई मान डोलवू लागला. म्हणजे बेतातला तेवढा एक भाग ठरल्याप्रमाणे पार पडला, बाजू तेवढी बदलली. चिमण कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते दाबायला त्याला कष्ट पडत होते. भाऊची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि एकदा दादाकडे, एकदा ताईकडे बघत होती. सकाळपर्यंत तिच्या बाजूला चार माणसं होती. आता मोजायला लागलं तर दोनच उरली होती; ताईला मधे बोलायची मनाई होती, आणि नवरा खाली बघत होता.

जेवायला बसले तेव्हा ताई वज्रसरांच्या समोर आली. सूप आलं, ते सरांनी फुंकून फुंकून गार केलं. मग चमचा तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत सोडला. पाण्याचा घोट घेताना मान उजवीकडे कलती केली. डाव्या जबड्याखाली दाढीच्या आत थोडं फुगलं होतं. ताईला पुढचं काही ऐकू येईना. ती मनातल्या मनात तोंडात शिरलीसुद्धा. खालची डावी, शेवटून दुसरी, आत पू. दोन आठवडे तरी झाले असतील.

भाऊच्याही ते लक्षात आलं होतं. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं. जन्मभर माइकपुढे बोललेला माणूस, त्याला हळू बोलता येतच नसे. "तुम्हाला चावायला त्रास होतोय का? मऊ काही करून आणू?"

चिमणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपल्या गुरूला आपला बाप मऊ काही करून आणू का विचारतोय, याहून मोठी नामुष्की त्याला सुचत नसावी. "बाबा, प्लीज," तो दातांतल्या दातांत म्हणाला. त्या दिवसाच्या मोजक्या शब्दांतले ते दोन.

वज्रसर हसले. अर्ध्या तोंडाने. म्हणाले, मऊ खाणारी पिढी मऊच निपजते. वेदना ही आपली शिक्षिका आहे, आपण गेल्या कित्येक वर्षांत गोळी घेतलेली नाही. आणि जावयाने भक्तिभावाने पुढे केलेली कोंबडीची तंगडी त्यांनी उचलली.

नेमक्या याच वेळी दादाला आपली घाटाची गोष्ट आठवली. ब्रेक निकामी झालेला ट्रक त्याने तरुणपणी एकट्याने घाट उतरवला होता, ती. घरच्यांनी ती अनेकदा ऐकली होती. दर वर्षी घाटाचा उतार थोडा वाढे आणि ट्रकमध्ये आणखी चार माणसं चढत. आज तर त्यात एक गरोदर बाई होती. ती याआधी कधीच नव्हती. दादा शेवटच्या वळणावर आला, आवाज खाली आणून म्हणाला, "खाली दरी, हातात स्टिअरिंग, आणि डोळ्यांपुढे पोरांचे चेहरे," आणि वज्रसरांनी हाड फोडलं.

त्यांनी आवाज केला नाही, हे मान्य करायला हवं. फक्त डोळे विस्फारले, चेहरा कागदासारखा झाला, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं.

दादा बोलायचा थांबला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक तेज पसरलं. आजवर ही गोष्ट ऐकून कोणी जांभई दिली होती, कोणी उठून गेलं होतं, पण रडलं कोणी नव्हतं. "अहो, काळजाला लावून घेऊ नका," तो गहिवरून म्हणाला. "वाचले सगळे." जावई म्हणाला, सिंहाच्या डोळ्यांत पाणी येतं ते दुसऱ्या सिंहासाठीच. ही ओळ त्याने तिथल्या तिथे रचली असावी.

ताई उठली. म्हणाली, सरांना मला खाली दवाखाना दाखवायचाय, चिमण तूही चल, दिवे लाव. कोणाला त्यात काही खटकलं नाही. एवढ्या हळव्या क्षणी पुरुषाला थोडं एकटं सोडावं, असं दादाचंच मत पडलं.

जिन्यात वज्रसरांनी दोनदा कठडा धरला. दवाखान्याचं दार उघडल्यावर त्यांनी खुर्ची पाहिली आणि उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, नको. हे आपोआप जाईल. मन घट्ट केलं की जातं.

"मन तोंडाच्या कुठल्या बाजूला असतं हे मला कॉलेजात शिकवलं नाही," ताई म्हणाली. "बसा."

ते बसले. ताईने आपला पांढरा कोट चढवला. रविवार असल्याने मदतनीस बाई नव्हती, म्हणून ताईने चिमणच्या हातात हातमोजे आणि लाळ ओढायची नळी दिली. एक्स-रेमध्ये तिने मनात पाहिलं होतं तेच होतं. दाढेला उभी चीर, मुळाशी गळू. हे कशाने झालं असं तिने सरांना विचारलं. उत्तर चिमणने दिलं. सरांनी व्हिडिओत दातांनी बाटलीचं झाकण उघडलं होतं. लाखो लोकांनी बघितलं होतं. चिमणनेही ते पाच-सहा वेळा बघितलं होतं, आणि घरी करून बघायचा विचार होता, फक्त घरात तसली बाटली नव्हती.

"तुझ्या आईचं नशीब," ताई म्हणाली आणि सुई भरायला वळली.

सुई पाहताच वज्रसर खुर्चीत वर सरकले. मोबाइलवर ज्यांच्या आवाजाने पोरांना कापरं भरे, त्यांचा आवाज आता बारीक आणि घाईचा झाला होता. त्यांनी विचारलं, दुखेल का. ताईने सांगितलं, टोचताना थोडं. दुखलं तर डावा हात वर करायचा, मी थांबेन. त्यांनी लगेच डावा हात वर केला. ताई म्हणाली, अजून मी हातही लावलेला नाही. त्यांनी हात खाली घेतला, आणि ती जवळ आल्यावर पुन्हा वर केला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी तो हात खाली घेतलाच नाही.

ताईला आता राग येऊ लागला होता. या माणसाने तिच्या घरातल्या पोराचं आईशी बोलणं बंद केलं होतं. तिच्या मनात आलं, राहू दे तसाच दहा मिनिटं. बघू दे चिमणला. एवढा सोपा धडा पुन्हा मिळायचा नाही. तिने खरोखरच सुई ट्रेमध्ये ठेवली आणि चिमणकडे पाहिलं.

चिमणने नळी खाली ठेवली. हवेतला तो हात त्याने आपल्या हातात घेतला, हातमोजा तसाच ठेवून, आणि खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. "सर, माझ्याकडे बघा," तो म्हणाला. "सुईकडे नाही. नाकाने श्वास घ्या. हळू. मी सोडणार नाही." मग तो बोलतच राहिला. गोदामात काय काय येतं ते सांगत होता. एकदा जिवंत कासवांची पेटी आली होती, पत्ता चुकीचा, आणि दोन दिवस सगळी पोरं कासवांना पानकोबी चारत होती. कित्येक महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. आवाज थेट भाऊचा होता, स्वच्छ, घाई नसलेला, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. सर त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आता ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

ताईने सुई उचलली आणि टोचली. धडा शिकवायचा होता तो आपल्या हातून निसटला हे तिला कळलं, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. अजून बधिर होत नव्हतं म्हणून दुसरं इंजेक्शन दिलं. मग दाढ उघडली, पू काढला, आत औषध भरून वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. पुढचं काम बुधवारी, ती म्हणाली. गोळ्या रोज घ्यायच्या, आणि शिक्षिकेला आता सुट्टी द्यायची.

वज्रसरांनी तोंड पुसलं. अर्धा ओठ लोंबत होता. मग चिमणला म्हणाले, "वर शांगू नकोश."

"नाही सांगणार," चिमण म्हणाला.

वर सगळे वाट बघत होते. सरांना आता नीट बोलता येत नव्हतं म्हणून ते अगदी थोडं आणि खालच्या आवाजात बोलले. त्याचा परिणाम आधीच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला. जावयाने नंतर सांगितलं, की खरी ताकद कुजबुजते हे त्याला त्या दिवशी उमगलं. खाली एवढा वेळ काय करत होता, असं दादाने विचारलं. चिमणने सांगितलं, मशिनं बघत होतो. ताईने भुवई उंचावली, पण आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याला खोटं बोलताना टोकलं नाही.

मग निघायची वेळ झाली. दादाने स्वतः उठून चिमणची बॅग उचलली. ज्याला थांबवायला सैन्य उभं केलं होतं, त्याला पोचवायला सेनापती आता पुढे झाला होता. म्हणाला, पोरा, माझा तुला आशीर्वाद आहे. असा माणूस नशिबाने मिळतो. वर्षभर राहा, वाटल्यास दोन वर्षं राहा. भाऊची बायको भिंतीला टेकली. भाऊने तिचा दंड धरला.

"मी जात नाहीये," चिमण म्हणाला.

दादाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्याला राग आला. अशी संधी लाथाडणारं पोर त्याने पाहिलं नव्हतं. कारण काय, म्हणून त्याने विचारलं. चिमण म्हणाला, काम आहे इथे. कसलं काम, नोकरी तर सोडलीस ना, असं जावयाने विचारलं, आणि थोडं थांबून, हळूच, छावणीत ती एक जागा आता रिकामीच राहील का, असंही विचारलं. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने प्रश्न मागे घेतला.

वज्रसर निघाले. चिमण त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. ताई मागोमाग गोळ्यांची पाकिटं घेऊन गेली, म्हणून तिला ऐकू आलं. गाडीची काच खाली करून सरांनी विचारलं, "बुधवारी तू अशशील ना?"

"असेन. जेवून या. उपाशीपोटी जास्त भीती वाटते."

गाडी गेली. चिमण वळला तर मागे भाऊ उभा होता. तोही खाली आला होता, आणि त्याचे डोळे अर्थातच भरलेले होते. ताईला वाटलं, आता दोघांना सोडून आपण आत जावं. पण वळताना चिमणने तिच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली होती, आणि ती सोडायचं त्याला भान नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "त्या दिवशी रडू आलं तेव्हा तुम्ही माइक बंद का नाही केलात? बटण तर हाताशीच असतं."

वर्षभरात हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. दादाने भाऊला रडण्यावरून उपदेश केला होता, ताईने चेष्टा केली होती, बायकोने समजूत घातली होती. विचारलं कोणीच नव्हतं.

"बंद कसा करणार?" भाऊ म्हणाला. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "लांबची गाडी लागली होती, आणि आयत्या वेळी फलाट बदलला. लोक सगळे दुसरीकडे उभे. सामानसुमान, पोरंबाळं. सांगायला तर हवं होतं. रडू काय, ते मागाहूनही आवरता आलं असतं. गाडी थांबली नसती."

"क्लिपमध्ये ते नाहीये."

"नसेल. मी ती ऐकली नाही."

चिमणने कोट सोडला. तो जमिनीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "मग मिळाली गाडी सगळ्यांना?"

"मिळाली. एक बाई राहिली होती, तिला ऐकू कमी येत होतं. मी खोलीतून पळत खाली गेलो आणि तिची ट्रंक उचलून तिला आत बसवलं. ती म्हणाली, डोळे का लाल झालेत. म्हटलं, धूळ गेली." भाऊ जरासा हसला. "ट्रंक फार जड होती. काय भरलं होतं कोण जाणे. अजून खांदा दुखतो."

"कुठला?" चिमण म्हणाला, आणि दाखवायची वाट न बघता बापाच्या मागे जाऊन उभा राहिला.